मुळामुठेचा मासा कावेरींत

पावसाळ्याच्या आरंभीं लोणावळ्यास जाण्याचा परिपाठ पुण्यामुंबईच्या पांढरपेशा कुटुंबांत इतका रुळला आहे कीं, वळवणच्या तलावाचें वर्णन वाचकांस नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं. धुकें, चिक्की आणि भिजलेलीं मुलें, एवढ्यांत तें संपतें. परंतु त्या तलावाच्या कडेला टाटांच्या वीज कंपनीनें चालविलेलें एक मत्स्यबीजकेंद्र आहे, आणि तेथें जवळजवळ अर्धशतक एकाच जातीच्या माशाची पैदास होत आली आहे, ही गोष्ट त्या मंडळींपैकीं फार थोड्यांस ठाऊक असते. आम्हांसहि ती बरींच वर्षें ठाऊक नव्हती. ठाऊक झाली ती एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. हे गृहस्थ बंगळुरास स्थायिक झालेले, आणि गळ टाकून मासे धरण्याच्या नादीं लागलेले. सुटींत भेटीस आले असतां ते हंसत हंसत म्हणाले, "सर, तुमच्या पुण्याच्या माशानें आमची कावेरी घेतली!"

'घेतली' हा शब्द आमच्या धंद्यांतला. मुलूख घेणें, ठाणें घेणें, हें आम्ही वर्गांत रोज शिकवितों. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीपासून पेशव्यांच्या कर्नाटकांतील स्वाऱ्यांपर्यंत मराठे कावेरीच्या बाजूस कितीदां गेले याची यादीहि आम्हांस पाठ आहे. पण ही स्वारी कोणत्याच बखरींत नव्हती. म्हणून थोडी चौकशी केली. ती करतां करतां जी हकीकत हातीं आली ती आम्हांस अनेक मानवी स्वाऱ्यांहून अधिक विचार करावयास लावणारी वाटली. कारण हींत कोणी दुष्ट नाहीं, कोणी लोभी नाहीं, आणि तरीहि एका प्राचीन रहिवाशाचें घर बुडालें आहे.

प्रथम या माशाचें कुलवृत्त. महाशीर म्हणून गोड्या पाण्यांतील माशांचें जें थोरलें घराणें आहे, त्याच्या निरनिराळ्या शाखा हिमालयापासून केरळापर्यंत नद्यांतून पसरलेल्या आहेत. खडकाळ, वाहतें, स्वच्छ पाणी, मोठाले खवले, जाड ओठ आणि विलक्षण ताकद, हीं सर्वांचीं समान लक्षणें. आपल्या दख्खनच्या शाखेचे पर निळसर करडे असतात. देहूच्या डोहांत वारकरी ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या चुरमुरे टाकीत आले, किंवा महाडजवळ वाळणकोंडीच्या देवीच्या पाण्यांत ज्यांस कोणी हात लावीत नाहीं, ते मासे या घराण्याचे. शास्त्राच्या दफ्तरांत त्याची नोंद प्रथम कर्नल विल्यम हेन्री सायक्स यानें केली. हा मनुष्य १८२४ पासून कांहीं वर्षें मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची संख्यात्मक पाहणी करीत गांवोगांव हिंडला. माणसें, बैल, नांगर, मजुरीचे दर हें मोजतां मोजतां त्यानें पक्षी मोजले आणि मासेहि मोजले. पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या महाशिरास त्यानें 'खुद्री' म्हटलें. म्हणजे येथल्या लोकांच्या तोंडचेंच नांव लॅटिन अंगरख्यांत घालून विलायतेस पाठविलें. ही नोंद १८३९ च्या सुमारास छापली गेली. त्याच यादींत त्यानें आणखी एका माशास 'मुसुल्ला' असें नांव दिलें. हें दुसरें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां भूगोलाची एक लहानशी बाब. मुळामुठा भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा पूर्वसमुद्रास. कावेरी कोडगूंत तलकावेरीस उगम पावून त्याच पूर्वसमुद्रास जाते. दोघींचें माहेर सह्याद्रि, दोघींचें सासर बंगालचा उपसागर. आपण नकाशा पाहून म्हणतों, या बहिणी. पण गोड्या पाण्यांतला मासा समुद्रांतून जाऊं शकत नाहीं, आणि दोन खोऱ्यांच्या मधला पाणलोटाचा उंचवटा तर त्याला समुद्राहूनहि अलंघ्य. लाखों वर्षें अशीं वेगळीं राहिलेलीं दोन खोरीं माशांच्या हिशेबीं दोन स्वतंत्र देश होत. राज्यांच्या सीमा, राष्ट्रांच्या सीमा त्यांस ठाऊक नाहींत. त्यांची सीमा डोंगराच्या माथ्यावरून जाते. परका मासा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आफ्रिकेचा किंवा चीनचा मासा येतो. पुण्याचा मासा श्रीरंगपट्टणास परका ठरेल हें कोणाच्या मनांत येत नाहीं. झालेल्या घोटाळ्याचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा होता. त्याची पाठ डोक्याच्या मागें एकदम उंचावलेली, जणूं बैलाचें वशिंड. आणि पर नारिंगी. त्याला आम्ही या लेखांत वशिंडाचा महाशीर म्हणूं. कावेरी आणि तिच्या उपनद्या सोडून हा जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहीं, आणि आकारानें तर हा सगळ्या घराण्याचा राजा.

गळ टाकण्याचा षोक आपल्याकडे इंग्रजांनीं आणला अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत 'मानसोल्लास' नांवाचा जो अफाट ग्रंथ रचला, त्यांत राजाच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदाचें एक प्रकरण आहे. कोणत्या माशास कोणतें आमिष, दोर कसला, काठी कशी, याचा तेथें तपशीलवार विचार केला आहे. अर्थात् राजाचा षोक राजापाशीं राहिला. पुढें एकोणिसाव्या शतकांत मद्रास इलाख्यांतील एक सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला आणि त्यांत स्कॉटलंडच्या सामन माशापेक्षां आमचा महाशीर अधिक झुंजार असें ठासून सांगितलें. मग काय विचारावें! कलेक्टर, कर्नल, मळेवाले, सर्वांच्या सुट्या कावेरीच्या कांठीं जाऊं लागल्या. १९१९ सालीं कर्नल रिव्हेट-कार्नाक यानें कावेरींत ११९ पौंडांचा महाशीर धरला. तो उच्चांक सत्तावीस वर्षें टिकला. तो मोडला म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यांतील एकानें. हें घराणें मारलेल्या वाघांच्या कातड्यांत पेंढा भरून त्यांस जिवंतासारखे उभे करण्याच्या कलेंत जगप्रसिद्ध होतें. १९४६ च्या मार्चांत कावेरीच्या कबिनी या उपनदींत त्यानें १२० पौंडांचा, म्हणजे आपल्या जुन्या मापानें जवळजवळ दीड मणाचा, मासा काठीवर धरून बाहेर काढला. 

एवढ्यांत नदीहि बदलूं लागली होती. विश्वेश्वरय्यांच्या कल्पनेंतून उभें राहिलेलें कृष्णराजसागर, १९३४ सालीं पुरें झालेलें मेट्टूर, आणि मागाहून हारंगी, हेमावती, कबिनी. एकामागून एक बांध पडले आणि धांवणाऱ्या नदीचे ठिकठिकाणीं तलाव झाले. त्यांनीं पिकें वाढविलीं, दिवे लावले. या उपकारांविषयीं आम्ही कृतघ्न नाहीं. पण महाशीर पावसाळ्यांत अंडीं घालण्यासाठीं वरच्या ओढ्यांकडे चढणारा प्राणी आहे. भिंत आडवी आली कीं त्याचा वंश खुंटतो. शिवाय स्वातंत्र्यानंतर सुरुंगाची दारू पाण्यांत फोडून एका धडाक्यासरशीं डोहच्या डोह मारण्याची रीत सर्वत्र बोकाळली. १९७० च्या सुमारास मोठा महाशीर संपला, असेंच जाणते लोक म्हणूं लागले.

तसा तो इकडे महाराष्ट्रांतहि संपत आला होता, आणि त्याचा कळवळा आलेले एक गृहस्थ येथें होते. डॉ. चं. वि. कुळकर्णी हे मुंबई राज्याच्या मत्स्यखात्यांत आयुष्य घालविलेले शास्त्रज्ञ. मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण हे टाटांचे तलाव वीज उत्पन्न करण्याकरितां बांधलेले. (त्यांतील मुळशीच्या तलावापायीं किती गांवें पाण्याखालीं गेलीं आणि १९२१ सालीं सेनापति बापटांनीं तेथें कसा सत्याग्रह मांडला, तें वाचक जाणतातच; धरणानें विस्थापित झालेल्यांची यादी करतांना माशांस कोणी त्यांत घातलें नाहीं, इतकेंच.) या तलावांत निळ्या पराचा महाशीर अजून शिल्लक होता. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर तो तलावाच्या मुखाशीं ओढ्याकडे येई. कुळकर्ण्यांनीं तेथें जाळें लावून पिकलेल्या माद्या धरल्या, हलक्या हातानें पोट दाबून अंडीं भांड्यांत घेतलीं, त्यांवर नराचें वीर्य पाडून तें मिसळलें, आणि तीं अंडीं वाहत्या पाण्याच्या तबकांत ठेवलीं. तीनचार दिवसांत जीव हलूं लागला. हे प्रयोग १९७० च्या सुमारास सुरू झाले, पुढें श्री. ओगले या त्यांच्या सहकाऱ्यांनीं ते वाढविले, आणि लोणावळ्याच्या टाक्यांतून वर्षास हजारोंनीं, मग लाखोंनीं, बोटभर पिलें निघूं लागलीं.

हें काम लहान नव्हे. स्वतःच्या नोकरीच्या कक्षेबाहेर जाऊन, निवृत्तीनंतरहि, एका मुक्या प्राण्याच्या वंशासाठीं एवढी खटपट करणारे लोक आपल्या समाजांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढील मजकूर वाचून कुळकर्ण्यांविषयींचा आदर कोणी कमी करूं नये.

पिलें झालीं, आतां तीं द्यावयाचीं कोठें? ज्याला हवीं त्याला. देशांतील अनेक राज्यांनीं मागणी केली, आणि ती पुरविली गेली. मासे इकडून तिकडे नेऊन सोडणें ही त्या वेळीं आक्षेपार्ह गोष्ट मुळींच नव्हती. उलट ती प्रगतीची खूण होती. निलगिरीवरच्या थंड ओढ्यांत विलायती ट्राउट रुजविण्याची खटपट एकोणिसाव्या शतकापासून चालली आणि विसाव्याच्या आरंभीं ती फळास आली. १९३९ सालीं सिंहलद्वीपांतून आरशासारख्या खवल्यांचा कार्प उटकमंडास आला. १९५२ सालीं तेथूनच आफ्रिकेचा तिलापिया आला, आणि आज दक्षिणेंत असें तळें क्वचितच, जेथें तो नाहीं. हिमाचल प्रदेशांतील भाक्रा धरणामागील गोविंदसागरांत तर १९७१ च्या पुरानें जवळच्या मत्स्यक्षेत्राचे बांध फुटून चीनचा रुपेरी कार्प आपोआपच शिरला. पाहतां पाहतां जाळ्यांत येणाऱ्या माशांत त्याचाच भरणा झाला, आणि कटला व तेथला महाशीर मागें हटले. कोळ्यांच्या उत्पन्नाचा आंकडा वाढला म्हणून अधिकारी खूष झाले. आंकड्यांच्या या गुणाकडे पुन्हां यावें लागेल.

लोणावळ्याचीं पिलें कर्नाटकांत गेलीं, तेथल्या जलाशयांत आणि कावेरींत सुटलीं, आणि मग कर्नाटकानें हारंगीस स्वतःचेंच पैदासकेंद्र काढलें. गळवाल्यांनीं या सर्वाचें स्वागतच केलें. कारण मध्यंतरी त्यांचेहि दिवस पालटले होते. १९७८ च्या सुमारास तीन तरुण इंग्रज कावेरीवर आले, आणि संपला म्हणून समजलेला वशिंडाचा महाशीर त्यांनीं रांगीच्या पिठाच्या गोळ्यावर धरून दाखविला. पाश्चात्य शिकाऱ्यांची रीघ पुन्हां लागली. भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोर येथें नदीकांठीं तंबू पडले. एक नियम मात्र नवा होता: मासा धरावयाचा, तोलावयाचा, छायाचित्र घ्यावयाचें आणि पुन्हां पाण्यांत सोडावयाचा. पूर्वीं सुरुंग लावून पोट भरणारे गांवचे कांहीं लोक याच छावण्यांत वाटाडे आणि राखणदार झाले. चोराच्या हातीं किल्ली देण्याचा हा प्रयोग यशस्वी झाला, असें जाणकार सांगतात. नदी राखली गेली, मासे राखले गेले, गांवांत चार पैसे आले. यांत वाईट काय शोधावें?

तें शोधलें गेलें वह्यांतून. इतिहासाच्या माणसास या भागाचा आनंद विशेष, हें कबूल केलें पाहिजे. गालिबोरच्या छावणींत रोजच्या रोज नोंद होत असे: कोणी किती तास गळ टाकला, काय मिळालें, वजन किती, वशिंडाचा कीं निळ्या पराचा. ही नोंद कोणी शास्त्रासाठीं केली नव्हती; आपण धरलेल्या माशाची बढाई कागदावर असावी, एवढाच हेतु. आमच्या जुन्या रोजकीर्दींसारखाच हा ऐवज. इंग्लंडचे एड्रियन पिंडर आणि रॉबर्ट ब्रिटन व केरळचे राजीव राघवन या तिघा संशोधकांनीं १९९८ ते २०१२ पर्यंतच्या या नोंदी चाळल्या. सुमारें २३,६०० तासांची गळाची मेहनत आणि सहा हजारांहून अधिक महाशीर त्यांत नोंदलेले होते. एकंदर बेरीज पाहिली तर चित्र फार सुखाचें. दर तासामागें मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षानुवर्ष वाढत गेलेली! कोणतीहि समिति एवढ्यावर अभिनंदनाचा ठराव करून मोकळी झाली असती.

पण या तिघांनीं रकाने वेगळे केले. वाढलेली सारी संख्या निळ्या पराच्या माशाची होती, म्हणजे आमच्या मुळामुठेच्या पाहुण्याची. तो लहान, मध्यम, मोठा, सर्व वयांचा मिळत होता. त्याचा संसार भरभराटीस आला होता. वशिंडाचा महाशीर कमी कमी होत गेला होता, आणि जो मिळे तो मागच्या वर्षापेक्षां जड. गळवाल्यास वाटावें, काय भाग्य! वस्तुतः त्या वजनाचा अर्थ इतकाच कीं, म्हातारे तेवढे उरले होते आणि पाळण्यांत मूल नव्हतें. २०१५ सालीं हें प्रसिद्ध झालें. पाहुण्यानें यजमानास नेमकें कसें हटविलें, अन्न पळवून कीं जागा बळकावून, याविषयीं अभ्यासकांत चर्चा चालू आहे. धरणें, वाळूचा उपसा, सुरुंग यांनीं यजमान आधींच खिळखिळा केला होता, हेंहि कोणी नाकारीत नाहीं. तुंबलेल्या पाण्याशीं निळ्या पराचा मासा चटकन् जुळवून घेतो, हें तर वळवणच्या तलावांतच दिसून आलें होतें. जी नदी आम्हीं तळ्यांची माळ करून ठेविली, तींत तळ्यास सरावलेला मासाच जिंकावा, यांत त्याचा काय अपराध?

यावर कोणी विचारील, एवढा प्रसिद्ध मासा, त्याच्या रक्षणाचा कायदा कां झाला नाहीं? उत्तर चमत्कारिक आहे: त्याला नांव नव्हतें. दीडशें वर्षें ज्याचीं छायाचित्रें विलायतेच्या दिवाणखान्यांत लागलीं, त्याची शास्त्रोक्त नोंदच कोणी केली नव्हती. अभ्यासक त्यास सायक्सच्या यादींतील 'मुसुल्ला' समजून चालत होते. २०१३ च्या सुमारास सिद्ध झालें कीं, सायक्सचा मुसुल्ला महाशीरच नव्हे, तो अगदीं वेगळ्या कुळांतला मासा. म्हणजे एकाच कर्नलाच्या एकाच दख्खनी यादींतून कावेरीस एक मासा गेला आणि एक चुकीचें नांव गेलें. माशानें रहिवाशाची जागा घेतली आणि नांवानें त्याची ओळख. निनावी प्राण्यास जागतिक संरक्षणसंघाच्या तांबड्या यादींत घालतां येत नाहीं. अखेर २०१८ सालीं मोयार नदींतले कांहीं नमुने तपासून ठरलें कीं, केरळांत कावेरीच्या पांबार या लहानशा उपनदींतून पूर्वीं 'रेमादेवी' या नांवानें ज्याचें वर्णन झालें होतें, तोच हा. या शोधकांत पुण्याचेहि एक नांव होतें, हें वाचून आम्हांस थोडें बरें वाटलें. त्याच वर्षीं वशिंडाचा महाशीर 'अत्यंत संकटग्रस्त' म्हणून यादींत चढला.

आणि निळ्या पराचा? तो पूर्वीं 'संकटग्रस्त' वर्गांत होता. नव्या परीक्षणांत तो काळजीच्या वर्गांतून बाहेर आला. २०२० सालीं वर्तमानपत्रांत ही वार्ता लोणावळ्याच्या यशाची म्हणून छापून आली, आणि ती खोटी नव्हती.

गालिबोरच्या नोंदी २०१२ शीं थांबतात. तें क्षेत्र अभयारण्यांत मोडतें, आणि वन्यप्राण्यांच्या कायद्याखालीं तेथें गळ टाकणें बंद झालें. छावण्यांतले राखणदार कांहीं इतर कामांस लागले, कांहीं घरीं गेले. नदीवर डोळा ठेवणारें कोणी न उरल्यानें सुरुंगवाले परततील, अशी भीति अभ्यासकांनीं तेव्हांच बोलून दाखविली होती.

मागच्या हिंवाळ्यांत आमचे विद्यार्थी आम्हांस भीमेश्वरीस घेऊन गेले. आम्हांस गळ टाकतां येत नाहीं, आणि त्यांस आतां तेथें टाकतां येत नाहीं. तेव्हां दोघेहि खडकावर बसून पाणी पाहत राहिलों. छावणीचा एक जुना वाटाड्या जवळ येऊन बसला. विद्यार्थ्यांनीं कानडींतून आमचा प्रश्न त्याला विचारला: वशिंडाचें लहान पिलूं, हाताच्या वितीएवढें, शेवटचें केव्हां पाहिलें? तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानें साल सांगितलें नाहीं. तो म्हणाला, तेव्हां माझा थोरला अजून शाळेंत जाऊं लागला नव्हता. आतां तो बंगळुरास भाड्याची मोटार चालवितो.